बारा दिवसांची शून्यं

लायब्ररीत तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळे अक्षरबाई म्हणत. पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायच्या नंबरांच्या चिठ्ठ्या, कपाटांवरच्या पाट्या, ‘येथे बोलू नये’, ‘पाने दुमडू नयेत’, सगळं तिच्या हातचं. कॉम्प्युटर आला, प्रिंटर आला, तरी मोठे साहेब म्हणायचे, “प्रिंटरनं छापलेलं कुणी मनावर घेत नाही, बाई. तुम्ही लिहिलंत की लोक आपोआप गप्प बसतात.” अक्षरच तसं होतं तिचं. सरळ, ठसठशीत, कुठे घाई नाही. असल्या अक्षरात कुणी खोटं लिहील असं बघणाऱ्याच्या मनातही येत नसे. आणि तिनं तर आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं होतं. सहा दिवस, रोज एक आकडा.

तिनं लग्न केलं नाही. थोरली बहीण, ताई, जिथं राहायची त्याच्या बरोबर वरच्या दोन खोल्यांत ती राहायची. जिन्याच्या एकोणीस पायऱ्या उतरल्या की ताईचं दार. ताईचे यजमान, म्हणजे तिचे भाऊजी, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर. चार दिवस घरी, चार दिवस रस्त्यावर. त्यांना वरच्या माणसाची आठवण झाली की ते कुंच्याच्या दांड्यानं छताला दोनदा ठोकायचे. मग ती खाली उतरायची आणि ताई ओरडायची, “अहो, माणूस आहे ती, दिवा नाही बटण दाबून लावायला!” घरात एक मुलगी होती, ती लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मग उरले तिघं आणि ते दोन ठोके.

ताईला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. पुढं गोळ्या द्यायच्या ठरल्या. फिकट गुलाबी, लांबट. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी, की पुन्हा चौदा दिवस. जो येई तो म्हणे, “गोळ्याच ना? मग काय, सुटलात!” सुई नाही, नळी नाही, घरच्या पलंगावर बसून घ्यायचं औषध. गोळी म्हटलं की माणसाला डोकेदुखीची गोळी आठवते, तिथंच फसगत होते.

हॉस्पिटलनं एक पातळ वही दिली होती. एका पानावर चौदा ओळी आणि उभे रकाने: सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, जुलाब किती वेळा, उलट्या, तोंड, हात-पाय, ताप. रोजच्या रोज भरायची. वहीच्या पाठीवर फोन नंबर, आणि त्याखाली मोठ्या अक्षरात कधी फोन करायचा ते. लिहायचं काम अर्थातच अक्षरबाईकडे आलं. भाऊजी नव्या मार्गावर गेलेले, बारा-तेरा दिवस सलग बाहेर.

पहिले पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी संध्याकाळी ती वही उघडून बसली, आणि न विचारताच जुलाबाच्या रकान्यात पेन टेकवलं.

“शून्य लिही,” ताई म्हणाली.

“ताई, सहा वेळा गेलीस तू. मी मोजलंय.”

“तू लायब्ररीत मोज. इथं सहा लिहिलंस की ते गोळी बंद करतील. माझ्या शेजारच्या बेडवर ती मास्तरीण होती ना, तिची केली. गोळी बंद म्हणजे दुखण्याला रान मोकळं. लिही शून्य.”

“निदान भाऊजींना तरी सांगू दे.”

“म्हणजे चाळीस माणसं रस्त्यात सोडून येतील ते. सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला.”

तिनं लिहिलं. गोल, एकसारखं, न थरथरता. सातव्या दिवशी पुन्हा. मग तोंड आलं, तर तोंडाच्या रकान्यात ‘ठीक’. तळपाय लाल झाले, तर ‘ठीक’. ताईला पाणी गिळवेना तेव्हा अक्षरबाईनं दोनदा वहीच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि दोनदा वही उलटी करून ठेवली. संडासाच्या दाराला आतून लोखंडी कडी होती. ती लागली की खट्ट वाजायची. त्या दिवसांत ती कडी इतक्यांदा वाजली की अक्षरबाईच्या कानात घर करून बसली.

बाराव्या दिवशी सकाळी ताई पलंगावरून उतरताना खाली बसली ती उठलीच नाही. अंगातलं पाणी आटलं होतं, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी संपल्या होत्या. हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टरांनी वही चाळली. “यात तर काहीच त्रास नोंदवलेला नाही,” ते म्हणाले. आरोप नव्हता त्यात. माणूस खरोखर बुचकळ्यात पडला होता. भाऊजी शेजारी उभे होते, अंगावर खाकी, हातात बसची किल्ली तशीच. अक्षरबाईनं तोंड उघडलं.

“ती तक्रार करणारी नव्हतीच, डॉक्टर,” भाऊजी म्हणाले.

आणि तिचं उघडलेलं तोंड मिटलं. ते पुढं तीन वर्षं मिटलेलंच राहिलं.

त्या एका वाक्याची भाऊजींनी समाधी बांधली म्हणा ना. वही ताईच्या फोटोशेजारी फळीवर ठेवली. येईल त्याला काढून दाखवायचे. “बघा. बारा दिवस. मरण दाराशी उभं, आणि ही बाई काय म्हणते? शून्य.” पाहुणे ते पान हातात घेऊन मान डोलवायचे, आणि हमखास म्हणायचे, “आणि अक्षर किती सुंदर आहे!” अक्षरबाई तेव्हा पाणी आणायला उठायची.

लायब्ररीत तिचं शून्य बिघडलं. तिनं ठरवून केलं नव्हतं. चिठ्ठीवर नंबर लिहिताना शून्याचा शेवट सुरुवातीला मिळेना, वर एक फट राहायची. साहेब चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “हे शून्य आहे की इंग्रजी सहा? त्या चिठ्ठीमुळं पक्ष्यांचं पुस्तक विहिरींच्या कपाटात गेलंय, बाई.” ती हसली, नवी चिठ्ठी लिहिली. त्यातही फट होती.

देवावर तिची श्रद्धा होती, दिखाऊ नव्हती. सकाळी अंघोळ करून हात जोडून उभी राहायची, आणि आदल्या दिवसाचं सगळं त्याला सांगायची. कुणाशी टाकून बोलली, कुणाचं पुस्तक उशिरा आलं तरी दंड माफ केला, सगळं. एवढं एक सोडून. देवाला काय सांगायचं, त्यानं तर पाहिलंच आहे, अशी ती स्वतःची समजूत घालायची. पण पाहणं वेगळं आणि आपण होऊन सांगणं वेगळं, हे काय तिला कळत नव्हतं?

आणि कडी वाजायची. दुपारी सामसूम झाली की खालून, पाइपातून आल्यासारखा, तो आवाज. खट्ट. भाऊजी तेव्हा ड्युटीवर असायचे, खाली कुलूप असायचं. ती पायऱ्या उतरून कुलूप हलवून पाहायची. मग वर येऊन बसायची आणि नकळत मोजायला लागायची. एक. दोन. तिला वाटे, ताई आकडा दुरुस्त करायला येते.

भाऊजी निवृत्त झाले आणि सहाच महिन्यांत त्यांचंही तेच निघालं. तेच आतडं, तेच ऑपरेशन, त्याच फिकट गुलाबी गोळ्या. मुलीनं फोनवर रडून घेतलं, मावशीला म्हणाली, “तू आहेस म्हणून मी जिवंत आहे बघ.”

गोळ्यांची माहिती द्यायला हॉस्पिटलात एक नर्सबाई होत्या. ठेंगण्या, कपाळावर आठी, पण जीव लावून सांगणाऱ्या. जेवणानंतर अर्ध्या तासात, पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, कुटायची नाही. एखादी राहिली तर राहिली, पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. डबा वेगळा, उंचावर. डब्यातून काढून देणाऱ्यानं हातमोजे घालायचे.

भाऊजींचा हात वर गेला. “मी खातो ती गोळी, आणि ही हातमोजे घालणार. मग मी कोण, कचऱ्याचा डबा?”

“काका, औषध तुम्हाला हवंय, त्यांना नकोय,” नर्सबाई म्हणाल्या. “संडासात झाकण पाडून दोनदा पाणी सोडायचं. घाण झालेले कपडे वेगळे धुवायचे. आणि आता नीट ऐका. रोजच्यापेक्षा चार वेळा जास्त जावं लागलं, किंवा झोपेतून उठून जावं लागलं, तोंड इतकं आलं की खाता-पिता येईना, तळहात-तळपाय दुखायला लागले, किंवा शंभरच्या वर ताप गेला, तर पुढची गोळी घ्यायची नाही. आधी फोन. दिवस-रात्र कुणीतरी असतं.”

“गाडी घाटात असताना इंजिन बंद करायचं नसतं, बाई. पस्तीस वर्षं चालवलीय मी.”

“बंद नाही करत आम्ही. डोस कमी करून पुन्हा देतो, आणि कमी डोसही काम करतो. जे सांगत नाहीत, त्यांचंच आम्हाला काही करता येत नाही.”

नर्सबाईंनी तेवढं बोलून नवी वही पुढं सरकवली. तसेच रकाने. अक्षरबाईनं ती न उघडता पिशवीत घातली.

पहिली फेरी निभावली. थोडी मळमळ, थोडी भूक कमी. तिनं जे होतं ते लिहिलं. भाऊजी वाचून नाक मुरडायचे, “मळमळ कशाला लिहितेस? बस लागल्यासारखं वाटतंय हॉस्पिटलला.” दुसऱ्या फेरीला मात्र ते चौथ्या दिवसापासून स्वतःच सांगायला लागले. काही विचारायच्या आतच म्हणायचे, “शून्य. पुढं.”

आठव्या दिवशी लायब्ररीला साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी ती वर बसून धुतलेल्या पंच्यांच्या घड्या घालत होती, तेव्हा खालून आवाज आला. खट्ट.

तिचे हात थांबले. थोड्या वेळानं पुन्हा. मग पाण्याचा आवाज, एकदा, दोनदा. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, “ताई, आता नको गं.” तिसऱ्यांदा कडी वाजली. जेवणाच्या वेळेपर्यंत सात झाले. सातव्या वेळी पाणी सोडल्यावर कुणीतरी भिंतीला धरून कण्हलं, आणि तो आवाज बाईचा नव्हता.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ताई नव्हती, हे भाऊजी होते. तीन वर्षं ती भूत मोजत बसली होती आणि आज खरा माणूस मोजत होती, हे कळायला तिला सात खेपा लागल्या. ती एकोणीस पायऱ्या कशा उतरली ते तिचं तिला ठाऊक.

भाऊजी खुर्चीत बसले होते. पाय गार पाण्याच्या टबात. पाण्यातूनही तळपाय भाजल्यासारखे लाल दिसत होते. ओठांना भेगा. पुढ्यात दुधाचा कप, भरलेला, वर साय धरलेली.

“ये. वही आणलीस? जुलाब शून्य.”

“सात झाले, भाऊजी. मी वरून कडी मोजली.”

“आता माझ्या कडीलाही तिकीट लाव. कंडक्टर झालीस होय गं धाकटे?” ते हसले आणि हसताना ओठातून रक्त आलं.

“दूध का तसंच आहे?”

“चढ लागलाय. चढावर खालचा गिअर टाकायचा आणि गप चालवत राहायचं.”

“नर्सबाई काय म्हणाल्या होत्या...”

“नर्सबाईंनी तुझ्या ताईला पाहिलं नव्हतं!” त्यांचा आवाज चढला. त्यांनी फळीकडे बोट केलं, फोटोकडे, शेजारच्या वहीकडे. “पंचेचाळीस किलोची बाई ती. बारा दिवस शून्य. आणि मी नव्वद किलोचा धोंडा, आठव्या दिवशी रडत फोन करू? उद्या वर गेल्यावर तिला काय तोंड दाखवू? तिला जमलं ते मला जमेल. लिही शून्य.”

तेच दोन शब्द, तीच खोली. अक्षरबाईच्या हातात पेन होतं. तिला वाटलं, पलंगावरून ताईही बघते आहे, आणि शपथ अजून सुटलेली नाही. मनात ती एवढंच म्हणाली, देवा, आता तू बघ. आणि पेन खाली ठेवलं.

“तिला जमलं नव्हतं, भाऊजी.”

“काय?”

“ती शून्यं खोटी आहेत. मी लिहिली.”

“तूच लिहिलीस. अक्षर ओळखत नाही का मी तुझं?”

“तसं नाही. सहाव्या दिवशी सहा वेळा गेली होती ती. सातव्या दिवशी आठ. पुढं दहा. तिला पाणी जात नव्हतं. तिनं शून्य लिही म्हटलं आणि मी लिहिलं. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली, मी नाही सांगितलं. तुमच्या बायकोनं सोसलं नाही हो. लपवलं. आणि त्याला मी हातभार लावला.”

टबातलं पाणी हललं तेवढाच आवाज झाला.

“डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू तिथंच होतीस,” ते म्हणाले.

“हो.”

“माझ्या शेजारी.”

“हो.”

“तीन वर्षं मी ती वही लोकांना दाखवतोय. तू पाणी आणायला उठायचीस.”

तिनं मान खाली घातली.

“वर जा,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांसमोर नको थांबूस. जा.”

ती गेली नाही. तिनं वही उलटी केली आणि पाठीवरचा नंबर फिरवला. बोट दोनदा चुकलं. पलीकडे त्याच नर्सबाई होत्या. अक्षरबाईनं एका दमात सांगितलं, सात वेळा, तोंड आलंय, पाय लाल आहेत, दूधही जात नाही. नर्सबाईंनी ताप पाहायला लावला. एकशे एक.

“आजची संध्याकाळची गोळी द्यायची नाही. थेट इमर्जन्सीत आणा, आत्ता. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते दारातच सांगा, वही बरोबर घ्या.”

“ते येत नाहीत म्हणतात.”

“फोन त्यांच्या कानाला लावा.” तिनं लावला. नर्सबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. “काका, त्या दिवशी घाट घाट करत होतात ना? उतारावर गाडी हाताबाहेर जायला लागली तर काय करता?”

भाऊजींनी कान बाजूला घेतला.

“काका?”

“ब्रेक मारतो,” ते पुटपुटले.

“मग मारा. गाडी पुन्हा सुरू करून द्यायचं माझ्याकडे लागलं.”

टॅक्सीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. अक्षरबाईनं हातमोजे घालून, जुना पंचा मांडीवर घेऊन, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसण्याखेरीज काही केलं नाही.

नऊ दिवस हॉस्पिटल झालं. सलाईन, औषधं, रक्ताच्या तपासण्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “आणखी दोन दिवस गोळ्या चालल्या असत्या तर अवघड होतं.” भाची आली, बापाजवळ बसली. नर्सनं येऊन विचारलं की भाऊजी स्वतः आकडा सांगायचे, खणखणीत. चार. तीन. दोन. अक्षरबाई दारातून ऐकायची आणि परत जायची. तिच्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत. भाचीला त्यांनी सगळं सांगितलं असावं. जाताना तिनं मावशीला मिठी मारली, पण नेहमीसारखी नाही, जरा लांबून.

भाऊजी घरी आले. छताला ठोके पडेनात. अक्षरबाई डबा दाराबाहेर ठेवायची, रिकामा झालेला उचलायची. दुपारी कान खालीच असायचे. कधी कडी वाजायची. दिवसातून एकदा, दोनदा, माणसाची वाजावी तशी. देवापुढं उभी राहायची तेव्हा आता तिच्याकडे सांगायचं काही उरलं नव्हतं. तरी हलकं वाटत नव्हतं. कबूल केलं की ओझं उतरतं असं आपण ऐकलेलं असतं. तिचं फक्त एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेलं.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, छताला ठोका पडला. एक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

ती खाली गेली. टेबलावर दोन वह्या होत्या. नवी मिटलेली. जुनी, फळीवरची, उघडी. शेजारी तिचंच पेन, त्या दिवशी राहिलेलं.

“उद्यापासून गोळी आहे. कमी डोस,” भाऊजी म्हणाले. हाताची सालं निघून खाली कोवळी कातडी आली होती, ते ती एकसारखी चोळत होते. “त्याआधी हे नीट कर.”

“काय?”

“आठवतंय ना सगळं तुला? मग लिही. खरं काय होतं ते.”

ती बसली. सहाव्या ओळीतल्या शून्यावर तिनं आडवी रेघ मारली आणि शेजारी सहा लिहिला. सातव्या ओळीत आठ. ‘तोंड’च्या रकान्यात ‘ठीक’ खोडून ‘पाणी गिळवत नाही’. एक आकडाही तिला आठवावा लागला नाही. भाऊजी टेबलावर वाकून प्रत्येक ओळ बोटानं धरून वाचत होते. दहाव्या ओळीपाशी ते म्हणाले, “त्या दिवशी मी फोन केला होता तिला. गाडीत गाणी लावलीयत म्हणालो. ती हसली.”

“हो. मी फोन धरला होता. तिच्यानं धरवत नव्हता.”

आत कुठंतरी खट्ट वाजलं. दोघांनीही मान वर केली. घरात तिसरं माणूस नव्हतं.

“वारा असेल,” भाऊजी म्हणाले.

“असेल.”

बघायला कुणीच उठलं नाही.

ती बाराव्या ओळीशी आली. पेन टेकलं आणि तसंच राहिलं.

“लिही ना,” भाऊजी म्हणाले. “किती?”

“हे बरोबर आहे. हे शून्य तसंच राहू दे.”

“म्हणजे?”

“त्या सकाळी एकदाही गेली नाही ती. अंगात काही उरलंच नव्हतं.”

भाऊजींनी त्या शेवटच्या शून्यावर आपलं नव्या कातडीचं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग वही मिटली. ती फळीवर ठेवायला उठले, अर्ध्या वाटेत थांबले, आणि परत येऊन वही त्यांनी तिच्याच हातात दिली.

“ही तू ने वर. मला इथं नको.” मग नवी वही तिच्याकडे सरकवली. “आणि हिच्यावर उद्याची तारीख घाल. सकाळी सातला ये. हातमोजे आण.”